अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूचा एमआरआय: काय दिसतं, काय दिसत नाही

सातरस्ता | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, मी सोलापुरात एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काम करते. मणके आणि गुडघे रोजचेच, पण आता एनआयसीयूतली (नवजात अतिदक्षता विभागातली) तान्ही बाळंही आमच्याकडे येऊ लागली आहेत. बाहेर बाकड्यावर बसलेले बाप आणि आज्या तेच ते प्रश्न विचारतात. करंट लागतो का? एक्स-रेसारखे किरण असतात का? मेंदू शाबूत आहे ना? दोन पेशंटच्या मधल्या पाच मिनिटांत याची उत्तरं नीट देता येत नाहीत, म्हणून हा धागा काढते आहे. मी डॉक्टर नाही. रिपोर्ट रेडिऑलॉजिस्ट देतात, उपचार बालरोगतज्ज्ञ ठरवतात. पण नवजात मेंदूवर एमआरआयनं जगात जे काम चाललंय ते मी मनापासून वाचत आले आहे आणि ते आपल्या लोकांपर्यंत पोचावं असं मला फार वाटतं.

आधी भीती घालवते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठं चुंबक आणि रेडिओलहरी यांच्यावर हे यंत्र चालतं. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणू चुंबकात एका रेषेत येतात, लहरींनी त्यांना जरा ढकललं की ते परत जागेवर येताना संकेत सोडतात, त्यातून चित्र बनतं. आपल्याकडची यंत्रं बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. ३ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पन्नास हजार पटींहून जास्त. म्हणून खोलीच्या दाराशी, धातूचं सगळं काढून ठेवा, असा आमचा तगादा असतो.

बाळाच्या बाबतीत हा तगादा जरा जास्तच. करदोटा, वाळे, मनगट्या, काळ्या दोऱ्यातला ताईत, झबल्याची टिचबटणं, लंगोटाची पिन, सगळं काढावं लागतं. काजळसुद्धा पुसून घेतो, कारण काही काजळांत लोहाचे कण असतात. करदोटा काढायला आजी तयार नसतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. काढलेल्या वस्तू मी त्यांच्याच पदरात बांधून देते आणि बाहेर आल्या आल्या पुन्हा घाला म्हणते.

मग बाळाला झोपवायचं. शक्य तिथे झोपेचं औषध न देता. आईनं स्कॅनच्या आधी पोटभर पाजायचं, ढेकर काढायची, लंगोट कोरडा करायचा, मऊ सुती कापडात घट्ट गुंडाळायचं. कानांत मऊ पुटीचे बोळे, त्यावर छोटे इअरमफ. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे कानांची काळजी हा शिष्टाचार नाही, गरज आहे. पायाला ऑक्सिजनचा प्रोब लावतो आणि आत एक सिस्टर उभी राहते. दिवे मंद करतो. पंधरा-वीस मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. बाळ झोपलं की मग एकेक सीक्वेन्स, म्हणजे चित्रांचा एकेक संच, महत्त्वाचा आधी. मध्येच उठलं तर तेवढं तरी हाती असतं.

आता संशोधनाबद्दल. लंडनमधलं किंग्ज कॉलेज, इम्पीरियल कॉलेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट हा मोठा प्रकल्प केला. गर्भातल्या २० व्या आठवड्यापासून ते ४४ आठवड्यांपर्यंतच्या (पूर्ण दिवसांनंतरचे चार आठवडे धरून) मेंदूचा नकाशा काढायचा, हा त्याचा हेतू. सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारात, नवजात विभागातच ३ टेस्लाचं यंत्र, बाळाच्या डोक्याच्या मापाची ३२ चॅनलची खास कॉइल (डोक्याभोवती बसणारा, संकेत टिपणारा भाग), आणि झोपेचं औषध न देता केलेला तासाभराचा स्कॅन. त्यांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडली: प्रत्येक सीक्वेन्स सुरू होताना आवाज एकदम न येता पाच सेकंदांत हळूहळू चढत जातो, म्हणजे बाळ दचकत नाही. ७८३ नवजात बाळांची माहिती त्यांनी जगभरच्या संशोधकांना खुली केली.

त्यात दिसतं काय? २४ व्या आठवड्याला मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. दोन्ही बाजूंना एक मोठी खाच आणि बाकी सपाट. तिथून चाळिसाव्या आठवड्यापर्यंत वळ्यांवर वळ्या पडत जातात आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचा मेंदू दिसायला मोठ्या माणसाच्या मेंदूसारखा, फक्त लहान. हे सगळं त्या साडेतीन-चार महिन्यांत. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या या वळ्या पोटाऐवजी पेटीत पडतात, उजेडात, मॉनिटरच्या आवाजात, सुया टोचल्या जात असताना. त्याचा काय परिणाम होतो, हा या सगळ्या शाखेचा मूळ प्रश्न आहे.

दुसरं, डिफ्यूजन एमआरआय. यात पाण्याचे रेणू कुठल्या दिशेनं सहज सरकतात ते मोजतात. उसाच्या सरीत पाणी सोडलं की ते सरीनं धावतं, वरंबा ओलांडत नाही. मेंदूतले चेतातंतू जिथे दाट आणि एका दिशेनं गेलेले असतात तिथे पाणी तसंच तंतूच्या दिशेनं सरकतं, त्यावरून तंतूंचे मार्ग काढता येतात. खूप आधी जन्मलेल्या बाळांमध्ये थॅलॅमस (मेंदूच्या आतलं, संदेश पुढे पाठवणारं केंद्र) आणि कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) यांना जोडणारे मार्ग पूर्ण दिवसांच्या वयाला आल्यावरही थोडे कमकुवत आढळतात, हे अशाच अभ्यासांतून कळलं.

तंत्रज्ञांसाठी एक वेगळी ओळ: नवजात मेंदूची चित्रं आपल्याला सवय असते त्याच्या उलटी दिसतात. व्हाइट मॅटरमध्ये, म्हणजे चेतातंतूंच्या भागात, अजून मायलिन (तंतूंवरचं चरबीचं आवरण) फारसं नसतं, पाणी भरपूर असतं, म्हणून टी-१ आणि टी-२ या चित्रांच्या दोन प्रकारांपैकी टी-१ मध्ये ते गडद आणि टी-२ मध्ये उजळ. सहा महिन्यांच्या आसपास व्हाइट मॅटर आणि ग्रे मॅटर (चेतापेशींचा भाग) दोन्ही सारखेच दिसू लागतात आणि मग हळूहळू पालटतात. मोठ्यांच्या सेटिंगवर बाळाचा स्कॅन उरकू नका, हात जोडून सांगते.

विचारा काय विचारायचं ते. जाणकारांनी भर घालावी.

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०:२५

ताई, फार छान लिहिलंत. आमच्या आजी कायम म्हणायच्या, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. माझी चुलत बहीण आठव्यात बाळंत झाली तेव्हा घरात त्याच बोलण्यानं रडारड. यात काही तथ्य आहे का ओ?

---

डॉ_टाळू | सोमवार, रात्री ११:१०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून उत्तर देतो. अजिबात तथ्य नाही आणि हे वाक्य घरोघरी थांबायला हवं. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा. ३७ आठवड्यांच्या आत ते मुदतपूर्व, ३२ च्या आत फार मुदतपूर्व, २८ च्या आत अतिशय मुदतपूर्व. जोखीम याच क्रमानं वाढते. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त सुरक्षित असतं. या समजुतीचा तोटा असा की 'आठव्यातलं आहे, काय उपयोग' म्हणून लोक मोठ्या दवाखान्यात न्यायला उशीर करतात. मी ते पाहिलेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं मुदतीआधी जन्मली, आणि त्यातली ३० लाखांच्या वर एकट्या भारतात. इतकी दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत. तेव्हा लंडनच्या बाळांवर झालेलं हे काम खरं म्हणजे आपला विषय आहे.

सातरस्ता ताई, एक भर. पालकांनी असं समजू नये की पेटीतल्या प्रत्येक बाळाचा एमआरआय व्हायलाच हवा. पहिल्या आठवड्यात आम्ही टाळूतून सोनोग्राफी करतो. ती बाळाच्या खाटेशीच होते, बाळाला हलवावं लागत नाही. मेंदूतला रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच होतो आणि तो सोनोग्राफीत चांगला दिसतो. बाळ स्थिर नसताना त्याला पेटीतून काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला एमआरआयसाठी नेणं हीच एक जोखीम आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनंही २०१५ मध्ये सांगितलं की मुदतपूर्व बाळांचा सरसकट एमआरआय करू नका.

---

भुईकोट | मंगळवार, सकाळी ७:५०

मला हेच म्हणायचं होतं. संशोधन ठीक आहे, पण इथे एमआरआय लिहून देणं सोपं आणि समजावून सांगणं अवघड झालंय. विडी वळणाऱ्या बाईनं, यंत्रमागावरच्या माणसानं पैसे कुठून आणायचे? आणि चित्र काढून उपचार बदलतो का, हे कुणी सांगत नाही.

---

सातरस्ता | मंगळवार, दुपारी २:१५

भुईकोट, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. इंग्लंडमधला ई-प्राइम नावाचा. मुदतपूर्व बाळांच्या आयांचे दोन गट केले, एका गटाला एमआरआयचा निष्कर्ष सांगितला, दुसऱ्याला सोनोग्राफीचा. एमआरआयवाल्या आयांची चिंता किंचित कमी झाली, खर्च वाढला, आणि पुढे मूल कसं होईल हे सांगण्यात एमआरआय थोडाच सरस ठरला. मी स्वतः या यंत्रावर पोट भरते, तरी हे सांगणं माझं काम आहे.

पण दुसरी बाजूही सांगते. २००६ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या १६७ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळी ३० आठवड्यांच्या किंवा त्याआधी जन्मलेली. पूर्ण दिवसांच्या वयाला त्यांचा एमआरआय केला आणि दोन वर्षांची झाल्यावर तपासलं. ज्यांच्या व्हाइट मॅटरमध्ये मध्यम ते गंभीर बिघाड होता त्यांच्यात सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) आणि बौद्धिक विकास मागे पडण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. म्हणजे चित्रात अर्थ आहे. तो गटाचा अर्थ आहे. चांगला एमआरआय असूनही अडचणी आलेली मुलं त्यात होती आणि वाईट एमआरआय असून बरी निघालेलीही होती. बाकड्यावर बसलेल्या बापाला एकच बाळ असतं, त्याला टक्केवारीत बसवता येत नाही.

---

परीचे_बाबा | मंगळवार, रात्री ९:०५

हा धागा वाचून लिहायचं धाडस करतोय. माझी मुलगी ३१ आठवड्यांची जन्मली, १४०० ग्रॅम. बरेच दिवस पेटीत होती. आज २२ आठवड्यांची आहे. एका दवाखान्यानं घरी सोडल्यावर एमआरआय करायला लावला. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. त्यात पेरिव्हेंट्रिक्युलर व्हाइट मॅटरमध्ये टी-२ हायपरइंटेन्सिटी असं लिहिलंय. कुणी समजावून सांगितलं नाही. बायको रात्री उठून ते शब्द मोबाईलवर शोधते आणि रडते. पोरगी तर हसते, आवाज दिला की बघते. अजून मान धरत नाही नीट. आम्ही काय समजायचं?

---

सातरस्ता | मंगळवार, रात्री ९:३०

दादा, आधी वहिनींना सांगा की आज रात्री तो शब्द शोधू नका. पेरिव्हेंट्रिक्युलर म्हणजे मेंदूतल्या द्रवाच्या कप्प्यांभोवतीचा भाग, हायपरइंटेन्सिटी म्हणजे उजळ दिसणं. मी वर लिहिलंय ते पुन्हा वाचा: या वयात व्हाइट मॅटर टी-२ मध्ये उजळ दिसणं हा त्याचा स्वभावच आहे. अपुऱ्या दिवसांच्या कितीतरी बाळांमध्ये पूर्ण दिवसांच्या वयाला तो उजळपणा पसरट आणि जास्त दिसतो, आणि नुसता तेवढाच असेल तर पुढच्या अडचणींशी त्याचा पक्का संबंध सापडलेला नाही. पोकळ्या, ज्यांना सिस्ट म्हणतात, किंवा जागोजागी ठिपके किंवा व्हेंट्रिकल, म्हणजे ते द्रवाचे कप्पे, मोठे झालेले असतील तर गोष्ट वेगळी. रिपोर्टमध्ये असं काही आहे का? बाकी डॉक्टर सांगतीलच.

---

डॉ_टाळू | मंगळवार, रात्री ११:४५

परीचे बाबा, चित्र न पाहता मी निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तीन गोष्टी बोलता येतील.

वय आधी नीट धरा. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे, ती ९ आठवडे आधी आली. २२ मधून ९ वजा केले की १३, हे तिचं दुरुस्त वय. तिच्याकडून १३ आठवड्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवायची. तीन महिन्यांच्या बाळाची मान अजून थोडी डगमगते. हसते, आवाजाकडे बघते, हे चांगलं आहे. दोन वर्षांची होईपर्यंत असंच वजा करून मोजा, आणि शेजारणीच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांना हेच गणित ऐकवा.

आणि नेमका हाच काळ एका फार चांगल्या तपासणीचा आहे. दुरुस्त वयाच्या ९ ते २० आठवड्यांत निरोगी बाळ उताणं असताना मान, खांदे, मनगटं, कंबर, घोटे यांच्या लहान लहान, सतत चालणाऱ्या, सगळ्या दिशांच्या हालचाली करतं. त्यांना फिजेटी हालचाली म्हणतात. त्या असणं ही दिलासा देणारी खूण आहे, आणि अजिबात नसल्या तर सेरेब्रल पाल्सीचा धोका धरून लगेच कामाला लागायचं. यंत्र लागत नाही. बाळ जागं, शांत, पोट भरलेलं असताना अंगावर थोडेच कपडे ठेवून उताणं निजवा, जवळ खेळणं नको, कुणी बोलवू नका, वरून तीन ते पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या. वाचणारा मात्र शिकलेला हवा. एमआरआय, हे निरीक्षण आणि हाइन नावाची मज्जासंस्थेची तपासणी, तिन्ही एकत्र धरली तर दुरुस्त वयाच्या पाच महिन्यांच्या आत बराच विश्वासार्ह अंदाज बांधता येतो. एकट्या चित्रावर नाही.

तिसरं, डोळे आणि कान. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. झाली होती का? कानाची बेरा, म्हणजे ऐकू येतं का याची तपासणी?

---

परीचे_बाबा | बुधवार, सकाळी ६:२०

डोळ्यांची झाली होती, ठीक आहेत म्हणाले. कानाची नाही. सिस्ट वगैरे रिपोर्टमध्ये काही लिहिलेलं नाही. हे वजाबाकीचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर, ताई, रात्री बायकोला वाचून दाखवलं.

---

कंबर_तलाव | बुधवार, दुपारी १२:३०

मी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे. ताई, तुम्ही म्हणता तो लंडनचा डेटा खुला आहे तर आम्ही त्यावर प्रकल्प करू शकतो का? एमआरआयवरून बाळाचं वय ओळखणारं मॉडेल, असं काहीतरी डोक्यात आहे.

---

सातरस्ता | बुधवार, रात्री ८:५०

जरूर करा. नोंदणी करून अटी मान्य केल्या की डेटा मिळतो, आणि चित्रांवर प्रक्रिया करण्याची त्यांची साधनंही खुली आहेत. मेंदूचं वय ओळखणं हा चांगला विषय आहे, कारण प्रत्यक्ष वय आणि चित्रावरून निघालेलं वय यांतला फरक संशोधकही अभ्यासतात. डिस्कला जागा भरपूर ठेवा.

पण एक गोष्ट मनात पक्की धरा. ती लंडनची बाळं आहेत. त्यांच्यावर शिकलेलं मॉडेल आपल्या बाळांना लावून निष्कर्ष काढू नका. हे मी उगाच म्हणत नाही. जन्मताच न रडलेल्या, गुदमरलेल्या बाळांना पाश्चात्त्य देशांत ७२ तास ३३.५ अंशांवर थंड ठेवतात, सहा तासांच्या आत सुरू करून. तिथल्या चाचण्यांत त्यानं मेंदू वाचतो असं दिसलं. मग इम्पीरियल कॉलेजच्या डॉ. सुधिन थय्यिल यांच्या गटानं भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात हेलिक्स नावाची चाचणी केली, ४०८ बाळांवर, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. थंड केल्यानं मेंदूला फायदा झाला नाही आणि थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले: ४२ टक्के, दुसऱ्या गटात ३१. तोच आजार, तोच उपचार, पण आपल्याकडच्या बाळाला इजा कधी आणि कशी होते हे वेगळं असू शकतं. केरळात कालिकतला अशा बाळांचे एमआरआय केले तेव्हा व्हाइट मॅटरची इजा बऱ्याच जणांत दिसली. ही आपली माहिती आपल्या बाळांची चित्रं काढूनच मिळणार.

माझी खरी कळकळ इथे आहे. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेल्या बाया आहेत, तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळणाऱ्या बाया आहेत, ४४ अंशांच्या उन्हात पत्र्याखाली दिवस काढणाऱ्या गरोदर बाया आहेत. त्यांच्या बाळांचा मेंदू कसा वाढतो याचा नकाशा कुठल्या लंडनमध्ये निघणार? ०.०६४ टेस्लाचं, चाकांवर खाटेपाशी आणता येणारं, घरच्यासारख्या प्लगवर चालणारं एमआरआय यंत्र आता आलेलं आहे. अमेरिकेत २०२० मध्ये त्याला मान्यता मिळाली. चित्र जाडंभरडं येतं, बारकावे दिसत नाहीत, पण बाळाला पेटीपासून लांब न्यावं लागत नाही. असं यंत्र आपल्या सरकारी नवजात विभागात उभं राहावं आणि त्याच बाळांचा पाच-सहा वर्षं पाठपुरावा व्हावा असं मला वाटतं. नुसतं यंत्र आलं आणि पाठपुरावा नसला तर भुईकोट म्हणतात तेच होईल.

---

भुईकोट | बुधवार, रात्री ९:१५

हे पटलं. पाठपुरावा हाच मुद्दा. बाया पुन्हा येत नाहीत कारण एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी.

---

शेंगाचटणी | बुधवार, रात्री ९:४०

डॉक्टर, मग मेंदूसाठी घरी काय करता येतं तेही सांगा की. एमआरआय काही आपल्या हातात नाही.

---

डॉ_टाळू | बुधवार, रात्री ११:२०

आईचं दूध आणि आईची छाती. ऑस्ट्रेलियात मुदतपूर्व बाळांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या २८ दिवसांत जितके जास्त दिवस आईच्या दुधावर, तितका मेंदूच्या खोल भागातल्या ग्रे मॅटरचा आकार मोठा दिसला, आणि ७ व्या वर्षी बुद्ध्यांकही थोडा जास्त. हे एमआरआयनंच दाखवलं. पेटीतल्या बाळाची आई 'माझं बाळ तर ओढतच नाही' म्हणून दूध काढणं सोडते, ते सोडू नये. काढून नळीनं देता येतं.

कांगारू पद्धतीनं उघड्या छातीवर धरणं हे फावल्या वेळचं काम समजू नका. भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीत, २०२१ मध्ये, जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. बाप, आजी, मावशी, कुणीही धरू शकतं. शेगडीची धुरी मात्र बंद. छातीवर धरलं की बाळाला ऊब आपोआप मिळते, आणि धूर अपुऱ्या दिवसांच्या फुफ्फुसांना सोसत नाही.

परीचे बाबा, बेरा करून घ्या. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डीईआयसी म्हणजे मुलांच्या विकासाची तपासणी आणि फिजिओथेरपी एका ठिकाणी मिळण्याची सोय असते. पैसे लागत नाहीत. सिव्हिलला चौकशी करा.

---

परीचे_बाबा | गुरुवार, दुपारी १:०५

सिव्हिलला चौकशी केली, सोमवारी बोलावलंय. सकाळी व्हिडिओ पण काढला, साडेचार मिनिटांचा. मनगटं आणि पाय सारखे हलवते. सोबत काय काय न्यायचं?

---

सातरस्ता | गुरुवार, दुपारी २:४०

डिस्चार्ज कार्ड, टाळूच्या सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, डोळ्यांचा कागद, लसीकरण कार्ड. एमआरआयची फिल्म नको, सीडी मागून घ्या, तुमचा हक्क आहे तो. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर सगळी. आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या: जन्म ३१ आठवडे, दुरुस्त वय १३ आठवडे. रांगेत लवकर लागा, नऊच्या आत. वहिनींना सोबत घ्या. प्रश्न त्यांचे आहेत, त्यांनीच विचारू देत.